राणीछाप सवत

लग्नात माझ्या गळ्यात दोन वस्तू पडल्या. एक मंगळसूत्र आणि दुसरी माझी सवत. मंगळसूत्र नवऱ्यानं बांधलं, सवत सासूबाईंनी बांधली, आणि खरं सांगते, दुसरीची गाठ पहिलीपेक्षा जास्त घट्ट मारली होती.

मला बिजवराला दिलं होतं. पहिली बायको तापानं गेली होती आणि मागं चार वर्षांची एक मुलगी होती. माझ्या वडिलांनी चिखलीच्या बाजारात स्थळाची चौकशी केली ती एवढीच, की जमीन किती, विहिरीला पाणी किती. जी गेली तिच्याबद्दल विचारलं नाही. तिच्याबद्दल काही विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मला मात्र ती घरात पाऊल टाकल्या टाकल्याच भेटली.

दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. टाक म्हणजे सोन्याचा किंवा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. पहिली त्यात वस्तीला येते अशी समजूत. तिला तिथं मान मिळाला की ती नवीला त्रास देत नाही, नवीच्या पोटच्या लेकरांवर डोळा ठेवत नाही. माझ्या सासरी मात्र असा टाक घडवलाच नव्हता. सोनं आणा, सोनाराला मजुरी द्या, एवढा खर्च मेलेल्या सुनेवर कोण करणार! घरात तिची एक गिन्नी होती. तिच्या वडिलांना खामगावच्या बाजारात कापसाच्या मोसमात मिळालेली, त्यांनी ती लेकीच्या हातावर ठेवलेली. तीच सोनाराकडं नेली, वर एक कडी डाखून घेतली, आणि झाला टाक.

म्हणजे तिच्याच माहेरच्या सोन्यात तिला बसवलं. सासरचा खर्च फक्त कडीचा.

गिन्नी होती पण मोठी देखणी. एका बाजूला म्हातारपणाकडं झुकलेली एक बाई, एका अंगाला तोंड केलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. तो पदर पाहूनच सासूबाईंना ती पसंत पडली. उघड्या डोक्याची बाई असती तर त्यांनी टाक म्हणून घेतलीच नसती. मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष, हातात शस्त्र, घोड्याच्या पायाखाली वळवळणारं काहीतरी. सासूबाई म्हणाल्या, "हा खंडेराय, अन् खाली दैत्य. पुढं आपली सून, मागं देव. यापेक्षा चांगला टाक कोन्या सोनाराच्या बापाले जमणार नाही." घोड्यावरच्या देवाच्या अंगावर कपडे का नाहीत, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्याचं उत्तर मला उलथण्यानं मिळालं.

"हिले काढायचं नाही," त्यांनी बजावलं. "आंघोळीलेही नाही. जेवाच्या आधी पहिला घास हिले दाखवायचा. नवं लुगडं आलं का आधी हिले लावायचं, मंग तू नेसायचं. तिले वाटलं पाह्यजे का तिचा मान रायला."

माझं वय सोळा. भूक सपाटून लागायची. शेतातून यावं, भाकर मोडावी आणि आधी गळ्यातल्या बाईला दाखवावी, म्हणावं, "अक्का, घ्या." ती काय घेणार! मी पण मनातल्या मनात म्हणायची, घ्यायची असेल तर सगळीच घ्या, आणि उद्यापासून दळायलाही तुम्हीच बसा. दळताना ती गिन्नी जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला छातीवर आपटायची. उन्हात तापायची, थंडीत गार लागायची. मला तिचा राग होता. राग होता म्हणजे काय, मी तिच्याशी भांडायचीच. कुणी नसलं की तिला हातात धरून चांगलं तोंडभर बोलून घ्यायची. घरात दुसऱ्या कुणाला उलट बोललं तर मार होता, हिला बोललं तर नव्हता.

मुलगी मला मावशी म्हणायची. सुरुवातीला माझ्याजवळ येत नसे. एक दिवस दुपारी मी ओसरीत आडवी झाले होते, तर ती सरकत सरकत आली आणि माझ्या गळ्यातली गिन्नी दोन बोटांनी उचलून तोंडाजवळ धरली. मी डोळे मिटूनच होते. ती हळूच म्हणाली, "माय, मावशीनं मले मारलं."

खरं होतं. सकाळी दूध सांडलं म्हणून मी एक चापट दिली होती.

माझ्याच छातीवर, माझ्याच कानाखाली, माझीच चुगली! मला आधी संताप आला, मग हसू आलं, आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी डोळे उघडले नाहीत. पोरगी बराच वेळ गिन्नीला काय काय सांगत राहिली. कुत्रीला पिलं झाली, आजीनं गूळ लपवला, बाबा बोलत नाहीत. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी माय या सोन्यात आहे. तिच्या आईचा फोटो नव्हता. फोटो कुठून असणार, साखरखेर्ड्याच्या पलीकडं जिनं गाव पाहिलं नाही तिचा! मुलीला आईचा चेहरा आठवत नव्हता. तेव्हा सोन्यात जी बाई दिसते, पदर घेतलेली, जाड गालांची, तीच तिची आई, हे तिच्या दृष्टीनं अगदी सरळ होतं.

त्या दिवसापासून ती रोज यायची. पडलेला दात दाखवायची, नवा परकर दाखवायची. माझ्या तक्रारी तर नेमानं. पुढं पुढं मी मुद्दाम ऐकायला बसू लागले, कारण दुसऱ्या कुणाकडून माझ्याबद्दलचं खरं मत कळण्याची सोय नव्हती. "मावशी ओरडते," ती सांगायची. मग बऱ्याच दिवसांनी, "मावशीनं भाकरीले तूप लावलं." त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी दुप्पट तूप लावलं आणि सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या.

मला स्वतःला मूल झालं नाही. गावात सगळे म्हणायचे, सवतीनं होऊ दिलं नाही. मी म्हणायची, तिला काय उद्योग नाही का दुसरा!

आमच्याकडं एक मनियारीण यायची, मुसलमानाची बाई, गावोगाव बांगड्या भरत हिंडणारी. मोठी हसरी. तिच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून एक रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं, जुनं, कडा उडालेलं. मी कधी नीट पाहिलं नव्हतं. एकदा माझा हात दाबून बांगडी चढवताना तिची नजर माझ्या गळ्यावर गेली. तिनं गिन्नी पाहिली, मग झाकण पाहिलं, मग पुन्हा गिन्नी पाहिली. इकडं तिकडं कुणी नाही असं बघून ती माझ्या कानाशी लागली. "बहू, ये तो मलिका हाय. विलायतवाली. मेलेली मलिका. तू हिले काऊन पूजून राह्यली?"

मी झाकणाजवळ गिन्नी धरली. तोच पदर, तेच गाल, तेच खाली वळलेले ओठ. मी इतकी हसले की हातातली बांगडी पिचली. लग्नापासून मी विलायतच्या राणीला पहिला घास दाखवत होते, आणि तिला अक्का म्हणत होते! सासूबाई आतून ओरडल्या, काय झालं म्हणून. मनियारीण म्हणाली, "कुछ नहीं माय, बांगडी छोटी झाली."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मजा आली असती. सासूबाईंचं तोंड पाहायला मी काहीही दिलं असतं. पण त्याच दुपारी पोरगी आली, गिन्नी बोटात धरली आणि तिला विचारलं, "माय, तुले थंडी वाजते काय?" आणि मी तोंड मिटलं ते मिटलंच. राणीची हकिकत मी आणि मनियारीण, दोघींतच राहिली.

मग विलायतेत काहीतरी बिनसलं आणि सोनं चढलं.

आमच्या गावात विलायतेची बातमी कधी यायची नाही, भाव मात्र लगेच यायचा. माझे थोरले दीर घरचे कारभारी. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट दाखवा, ते आधी भाव विचारायचे. गिन्नी तर त्यांचा जुना दुखरा विषय. कधीकाळी गिन्नीचा सरकारी भाव पंधरा रुपये होता आणि सरकारनं एका फटक्यात तो दहावर आणला होता, त्याचा राग त्यांनी मनात धरून ठेवलेला. आता बाजारात गिन्नी पंधराच्या केव्हाच पुढं गेली, बायका गळ्यातल्या गाठल्यातल्या गिन्न्या काढून विकत होत्या, नांदुऱ्याहून खरेदीवाले चिखलीपर्यंत येत होते. दिरांचा जीव खालीवर होऊ लागला. पैशाची नड होती असं मुळीच नाही. त्या वर्षी कापूस बरा झाला होता. त्यांना नवी दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, घ्यायची होती, बैलांच्या गळ्यात पितळी घुंगरांसकट, कारण पाटलाकडं होती.

एका बाजाराच्या दिवशी ते खरेदीवाल्याला घरीच घेऊन आले. धोतर-कोटातला माणूस, काखेत पेटी, पेटीत नाजूक तराजू आणि काळा कसोटीचा दगड. ओसरीत घोंगडं टाकलं. आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, खांबाला टेकून सुपारी कातरत बसले. भावासमोर त्यांचा आवाज कधी निघत नसे. मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती, सात-आठ वर्षांची झाली होती तेव्हा.

सासूबाई आत आल्या आणि माझ्या मानेमागची गाठ सोडू लागल्या.

"हे काय करून राह्यल्या आत्याबाई?"

"थोरला म्हणते दे. मी पहिलीची समजूत घालते. नारळ देऊ, साडी देऊ."

"तुम्हीच म्हणत होत्या, आंघोळीलेही काढू नको."

"आता उलटी बोलू नको," त्या म्हणाल्या. पण त्यांनीच घट्ट मारलेली गाठ सुटता सुटेना. शेवटी त्यांनी दातानं सोडली आणि गिन्नी बाहेर नेली.

मी दाराच्या आड उभी राहिले. गळा इतका हलका वाटत होता की मला स्वतःचाच राग आला. ज्या गिन्नीचा एवढा जाच मानला, ती गेल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं.

खरेदीवाल्यानं गिन्नी दगडावर घासली, पारड्यात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "कडी डाखून नास केला हो. आता हे नाणं नाही रायलं. नुसत्या सोन्याचा भाव मिळंल, त्यातही डाख वजा करून." दीर म्हणाले, ते टाक म्हणून वापरत होतो, पहिल्या सुनेचा. तो हसायला लागला. हसत हसत त्यानं पारड्यातली गिन्नी बोटानं वळवली. "कोन्या सुनेचा टाक? ही विलायतची राणी होय. अन् हा मागं त्यांचा कोणी साधू होय, घोड्यावर. तुमी इतके वर्षं राणीले नैवेद्य दाखवला काय?"

मुलीनं आधी त्याच्याकडं पाहिलं. मग बापाकडं. बाप सुपारीकडं बघत होता. मग ती दाराकडं पाहायला लागली, जिथं मी होते.

मोठ्या दिरासमोर मी तोवर कधी गेले नव्हते. पाणी द्यायचं झालं तरी उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचं, असा आमचा शिरस्ता. मी ओसरीत गेले, वाकले आणि पारड्यातून गिन्नी उचलून घेतली. तराजू कलंडला. दीर उभे राहिले.

"राणी असंल तिच्या गावची," मी म्हटलं. "या घरात ही पोरीची माय हाय."

"आत जाय!" दीर म्हणाले.

"जाते. पण आधी एक सांगा. तुम्ही हिले पाटावर बसवलं, अक्षता टाकल्या, ब्राह्मण बोलावला, मले हिच्या पाया पडाले लावलं. का नाही? माह्या पोटी लेकरू झालं नाही तं गावभर सांगितलं, पहिलीनं धरलं म्हणून. म्हणजे तवा ती याच्यात होती. आज सोनं चढलं तं निघून गेली काय? कवा गेली? कोन्या गाडीनं?"

खरेदीवाला पेटी आवरू लागला. दीर आईकडं वळून म्हणाले, "पाह्यली तुही सून!" पण मी पण तिकडंच वळले होते.

"आत्याबाई, तुमीच सांगा. ती याच्यात हाय का नाही? नसंल तं मी इतके वर्षं उपाशी बसली त्याचा हिशेब द्या, अन् विका खुशाल. असंल तं तुमी तुमच्या सुनेले बाजारात बसवून राह्यले. सगळ्या गावाले सांगते मी."

  मला माहीत होतं की आज माहेरी पाठवतील, कदाचित कायमचं. पण त्या पोरीचं पाहणं मला सहन होत नव्हतं. जी बाई तिला कधी मिळणारच नव्हती, तिचा एक चेहरा कसातरी तिच्या वाट्याला आला होता. खोटा तर खोटा. तो दमणीच्या घुंगरांसाठी द्यायला मी तयार नव्हते. माहेरी पाठवा, नाहीतर विहिरीत ढकला, मी देणार नव्हते.

 सासूबाई माझ्या मुठीकडं बघत होत्या. राणीबिणी त्यांच्या कानातही शिरली नव्हती. त्या बाईची श्रद्धा पक्की होती, एवढं मान्य करायला पाहिजे. त्यांनी ज्या सुनेचं औषधपाणी वेळेवर केलं नाही, तिची त्यांना आयुष्यभर भीती होती.

"हाय," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"मंग नाही विकत. चाल, बांध गळ्यात."

तेव्हा कुठं खांबाकडून आवाज आला. "राहू दे दादा," आमचे मालक म्हणाले. सुपारीवरची नजर मात्र त्यांनी तेव्हाही उचलली नाही.

थोरले दीर त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तशी आमची बोलण्याची पद्धत नव्हतीच, त्यामुळं तोटा काही झाला नाही. जेवताना ताट सरकवून उठायचे. मी त्या ताटातली भाजी मुलीला वाढायची. मला माहेरी पाठवलं नाही. दमणी पुढल्या वर्षी आली, कापसाच्या पैशातून, आणि तिच्यात बसून सासूबाई देवाला गेल्या तेव्हा मलाही घेऊन गेल्या, कारण माझ्या गळ्यात पहिली होती.

मुलीनं मला गिन्नीबद्दल काही विचारलं नाही. मी वाट पाहत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं. पण ती पूर्वीसारखीच यायची, गिन्नी बोटात धरायची, आणि चुगल्या सांगायची. मोठी झाली तशी चुगल्या कमी झाल्या आणि नुसती धरून बसायची सवय राहिली. मी समजले की खरेदीवाल्याचं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा लढाई सुरू झाली होती आणि सोनं आणखी चढलं होतं. हळदीच्या दिवशी मी माझ्या हातानं गाठ सोडली आणि गिन्नी तिच्या गळ्यात बांधली. सासूबाई आता वाकल्या होत्या, डोळ्यांनी कमी दिसायचं, पण हे बरोबर दिसलं. "पागल झाली काय! सवत गळ्यातून काढली का ती मानगुटीवर बसते."

"बसू द्या," मी म्हटलं. "गळ्यात होती, मानेवर येईल. कुठं लांब जायचं हाय तिले!"

थोरले दीर मांडवात उभे होते. त्यांनी गिन्नीकडं पाहिलं आणि ओठ हलले. भाव मोजत असणार. मी त्यांच्याकडं सरळ पाहिलं, पदर न ओढता. ते आचाऱ्याकडं काहीतरी काम काढून निघून गेले.

दिवाळीला मुलगी माहेरी आली. आम्ही दोघी ओसरीत वाती वळत बसलो होतो. गिन्नी तिच्या गळ्यात होती, घासून लख्ख केलेली. सांगायला लागली, की तिचा एक दीर शाळेत मास्तर आहे, त्यानं गिन्नी पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, वहिनी, तुम्ही विलायतच्या राणीले माय म्हणून काऊन मिरवता? सगळे हसले.

"मंग?" माझा हात थांबला. "तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, राणी असंल तिच्या गावची. ही माही माय हाय." तिनं अगदी माझ्याच आवाजात म्हटलं, मान तशीच वर करून. "चूप बसले सगळे."

मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. मी वात बाजूला ठेवली. "तुले कधी समजलं, ती राणी होय म्हणून? मास्तरनं सांगितलं तवा?"

"नाही मावशी. तवाच. तो नांदुऱ्याचा माणूस बोलला तवाच समजलं. मी काय खुळी होती?"

"मंग इतके वर्षं मले विचारलं काऊन नाही? गिन्नीले कवटाळून बसत होती."

ती वाती वळत राहिली. तळहातावर कापूस घासत, खाली मान घालून म्हणाली, "गिन्नी तुमच्या गळ्यात होती ना. ती धराची म्हटली का तुमच्या कुशीत याले भेटत होतं."

त्या घरात मी कुणालाही उत्तर दिल्याशिवाय राहिले नव्हते. सासूला नाही, दिराला नाही, मेलेल्या सवतीलाही नाही. त्या दिवशी मात्र मी तिच्या हातातली वात घेतली आणि ती नीट वळली होती तरी उगीच पुन्हा वळत बसले.